जुनी सेडान रोजच्या वापराला: नाशिकमधला अनुभव आणि हिशोब

गोदाकाठ

सात-आठ लाखांत नवी छोटी गाडी घ्यावी की दीड-दोन लाखांत दहा-बारा वर्षांची सेडान, हा विषय इथे अधूनमधून निघतो आणि दरवेळी "जुनी गाडी म्हणजे पांढरा हत्ती" या एका वाक्यावर संपतो. मी बरीच वर्षं जुनी सेडान रोज चालवतोय. माझं मत सरळ आहे: रोज वापरता येते, आणि सुखाने वापरता येते. मात्र तिच्यावर पैसे ती नीट चालत असतानाच घालावे लागतात. रस्त्यात थांबल्यावर घालू, अशी सवय असेल तर जुनी गाडी घेऊच नये.

माझी गाडी महिंद्रा व्हेरिटो, डिझेल, २०१२ची, एमएच-१५ पासिंग. पाथर्डी फाट्याहून सातपूर एमआयडीसीत रोजची ये-जा, आणि सणावाराला कळवणला घरी. ही गाडी निवडली त्याला दोन कारणं. एक म्हणजे ती इथलीच. महिंद्रा आणि रेनोने मिळून २००७ मध्ये लोगन बाजारात आणली, ती नाशिकच्या कारखान्यात बनायची. २०१० मध्ये रेनो भागीदारीतून बाहेर पडली आणि २०११ पासून तीच गाडी व्हेरिटो झाली. त्यामुळे ही गाडी आतून-बाहेरून माहीत असलेली माणसं सातपूर-अंबडमध्ये आजही भेटतात. दुसरं कारण इंजिन. हेच १४६१ सीसीचं डिझेल इंजिन डस्टर, स्काला, सनी, मायक्रा अशा बऱ्याच गाड्यांत आलं. व्हेरिटो बंद झाली तरी इंजिनाचे पार्ट मिळतात ते यामुळे. जुनी गाडी शोधताना मी मॉडेलच्या आधी हे बघेन: या गाडीचं इंजिन आणखी कशाकशात आहे?

लोगन मूळची रुमानियातली, डाचिया कंपनीची, २००४ची. साधे रस्ते आणि कमी खर्च डोळ्यांपुढे ठेवून केलेली गाडी. १७२ मिमी ग्राउंड क्लिअरन्स, ५१० लिटरची डिकी. दिसायला चौकोनी आहे, पण त्यामुळेच मागे तीन मोठी माणसं खांद्याला खांदा न घासता बसतात. आईचे गुडघे दुखतात, तिला हिच्यात बसताना वाकावं लागत नाही आणि उतरताना कोणाचा हात धरावा लागत नाही. आमच्या घरात या गोष्टीला फार किंमत आहे.

आता खर्चाचं. घेतल्यावर पहिलं काम टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवून ठेवणारा इंजिनातला पट्टा. या इंजिनाला चेन नाही, बेल्ट आहे, आणि वॉटर पंपसुद्धा त्याच बेल्टवर फिरतो. आधीचे मालक म्हणाले बदललाय, पण बिल नव्हतं. बिल नाही म्हणजे काम झालेलं नाही असं धरून चालायचं. बेल्ट, टेन्शनर, पंप एकदम बदलून घेतले, तेरा हजारांच्या आसपास गेले. हा बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. मग खर्चाला धरबंध राहत नाही.

दुसरं काम कुलिंगचं. माझ्या मते नव्वद टक्के जुन्या गाड्यांची वाट इथेच लागते. रेडिएटरचा वरचा होज पाइप बाहेरून काळाभोर, छान दिसत होता. इंजिन थंड असताना क्लिपजवळ अंगठ्याने दाबला तर आतून कर्र आवाज आला. वाकवून पाहिला तेव्हा टोकाला केसासारख्या भेगा दिसल्या. क्लिप सैल केल्यावर पाइप निघेना, आतल्या तोंडाशी चिकटून पापुद्रे निघत होते. गाडी एकदाही गरम झाली नव्हती. पण असा पाइप उन्हाळ्यात कसारा घाट चढताना फुटतो. वरचा-खालचा पाइप, हीटरचे दोन पाइप, रेडिएटरचं झाकण आणि थर्मोस्टॅट, सगळं नवीन टाकलं.

थर्मोस्टॅटबद्दल कळकळीने सांगतो. गाडी गरम होते म्हटलं की बरेच मेकॅनिक तो काढूनच टाकतात. "आपल्याकडे गरज नाही, थंड देशांसाठी असतो" असं सांगतात. गरज आहे. थर्मोस्टॅट इंजिनाला त्याच्या ठरलेल्या तापमानाला लवकर पोचवतो आणि तिथे टिकवतो. तो काढला की डिसेंबर-जानेवारीत गाडी गंगापूर रोडवरून सातपूरला पोचेपर्यंत इंजिन नीट तापतच नाही. डिझेल जास्त जळतं, ऑइलमधला ओलावा उडत नाही, झीज वाढते. आणि गाडी मुळात गरम का होत होती ते कारण तसंच राहतं. बहुतेक वेळा रेडिएटर चोंदलेला असतो, कारण कोणीतरी वर्षानुवर्षं त्यात बोअरचं पाणी ओतलेलं असतं. बोअरच्या पाण्याचा क्षार आत बसतो. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दुसरं काही घालू नका.

तिसरं, खालचं म्हणजे सस्पेन्शनचं काम. सिंहस्थाच्या तयारीत शहरात किती ठिकाणी रस्ते उकरलेत ते सगळे रोज बघतोच. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, पुढचे शॉकअप, इंजिन फाउंडेशन हे आज ना उद्या करावंच लागतं. एकाच वेळी केलं तर मजुरी एकदाच जाते. सगळं झाल्यावर अलाइनमेंट.

शहरात मला सोळा-सतरा अ‍ॅव्हरेज मिळतं, हायवेला एसी लावून वीसपर्यंत. क्लच आणि टायरचा खर्च वेगळा. पहिल्या वर्षी गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा तरी बाजूला काढून ठेवा. त्यानंतर खर्च एकदम खाली येतो, हे मी अनुभवाने सांगतो. इतरांनीही लिहा, विशेषतः पेट्रोलवाल्यांनी.

---

जेलरोडची_सायली

दादा, फार उपयोगी लिहिलंत. माझ्याकडे २००६ची होंडा सिटी झेडएक्स आहे, आय-डीएसआय इंजिनाची. बाबांनी नवी घेतली होती, आता मी जेलरोडहून कॉलेज रोडला शिकवायला जाताना वापरते.

या इंजिनात एका सिलेंडरला दोन स्पार्क प्लग असतात, म्हणजे चार सिलेंडरला आठ. पुष्कळ ठिकाणी मेकॅनिक वरवर दिसणारे चारच बदलतात आणि बिल सर्व्हिसचं लावतात. गाडी चालते, पण अ‍ॅव्हरेज घसरतं आणि कारण सापडत नाही. ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांनी प्लग बदलताना समोर उभं राहावं आणि जुने आठ मोजून घ्यावेत. हिला टायमिंग चेन आहे, त्यामुळे बेल्टची काळजी नाही. पण टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं, लागतं, ते कोणी आपणहून करत नाही. मागावं लागतं.

गाडी बुटकी आहे हा एक त्रास खरा. आमच्या सोसायटीच्या बाहेरच्या गतिरोधकावर चार माणसं असली की घासते. तिरकी घालून काढते.

आणि १५ वर्षं झाल्यावर आमचं री-पासिंग करून झालंय. कोणाला माहिती हवी असेल तर विचारा.

---

नवखा_ओझर

सायलीताई, हेच विचारायचं होतं. मी २०११ची एक गाडी बघतोय. १५ वर्षं झाली की गाडी भंगारात जाते ना? दिल्लीत तर पेट्रोलच देत नाहीत असं वाचलं.

---

जेलरोडची_सायली

नाही हो. दिल्ली आणि आसपासच्या भागातलं (एनसीआर) १० वर्षं डिझेल, १५ वर्षं पेट्रोल हे प्रकरण तिथल्या हवेमुळे, राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आलेलं आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीला वयाची तशी बंदी नाही. आपल्याकडे आरसी १५ वर्षांची असते, ती संपताना गाडी तपासायला न्यावी लागते आणि पास झाली की पुढे पाच वर्षं मिळतात. मग परत पाच.

अर्ज फॉर्म २५ मध्ये, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपर्यंत करता येतो. तेव्हाच करा, उशीर झाला की दंड चढत जातो. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीची री-पासिंगची फी ६०० वरून ५,००० झाली. वर पर्यावरण कर वेगळा. आणि २० वर्षांपुढच्या गाडीला २०२५ मध्ये १०,००० केली आहे. विमा, पीयूसी आणि नवीन सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) हे आधी तयार ठेवा. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना ती प्लेट बसवावीच लागते. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी.

पेठ रोडला आरटीओत गाडी नेण्याआधी सगळे दिवे, वायपर, हॉर्न, हँडब्रेक स्वतः तपासून घ्या. आमच्या पुढच्या गाडीला फक्त नंबरप्लेटवरचा दिवा लागत नव्हता म्हणून परत पाठवलं होतं.

---

हिशोबी_माणूस

सगळ्यांचा अनुभव मान्य, तरी माझं मत वेगळं आहे आणि ते पैशांमुळे नाही. सुरक्षिततेमुळे आहे. भारतात सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, २०१९ पासून सक्तीचं झालं. चालकाची एअरबॅगही त्याच वर्षी. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग २०२१च्या अखेरीपासून. म्हणजे २०११-१२ची मधली मॉडेलं घेतलीत तर अनेकांत यातलं काहीच नसतं. घोटी-इगतपुरीच्या पट्ट्यात पावसाळ्यात पुढे अचानक ट्रक थांबतो तेव्हा एबीएस असणं आणि नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरात लहान मुलं असतील तर कर्ज काढून नवी सीएनजी घ्या, असं मी कळकळीने म्हणेन. सिलेंडरमुळे डिकी जाईल, जाऊ द्या.

---

गोदाकाठ

हिशोबी, मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि त्याला माझ्याकडे उलट उत्तर नाही. म्हणूनच मी वरचं, एबीएस आणि एअरबॅगवालं मॉडेलच शोधत होतो. त्यासाठी थांबलो आणि थोडे पैसे जास्त दिले. जुन्या बाजारात खालच्या आणि वरच्या मॉडेलच्या किमतीत नव्यासारखं अंतर उरत नाही, पंधरा-वीस हजारांत सुटतं. ते पैसे द्यावेत.

फक्त एक तपासा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा आधी लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर आतून दिवा काढून टाकलेला असू शकतो. अशी गाडी सोडून द्या.

आणि टायर. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन साल. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा-सात वर्षांपुढचा टायर घेऊन समृद्धीवर चढू नये. काँक्रीटचा रस्ता, एप्रिलचं ऊन आणि सलग वेग यापुढे जुनं रबर टिकत नाही.

---

असेंब्लीवाले_काका

मंडळी, धागा वाचून फार बरं वाटलं. मी याच गाडीच्या लाइनवर काम करून निवृत्त झालो. लोगन आली तेव्हा आम्हाला सुरुवातीला तिच्या साधेपणाचं नवल वाटायचं. पूर्ण डॅशबोर्ड एका अखंड तुकड्यात यायचा. डावा-उजवा बाहेरचा आरसा एकच, त्यामुळे चुकीच्या बाजूचा आला असं कधी व्हायचंच नाही. काचा कमी वळणाच्या. आम्ही म्हणायचो, ज्याने ही गाडी काढली त्याने हातात पाना धरलेला असणार. जितके पार्ट कमी, तितकं बिघडायला कमी.

जुनी घेणाऱ्यांना एक काम सांगतो. बोनेट उघडलं की वायपरच्या खाली, काचेच्या बुडाशी एक पन्हळ असते. झाडाखाली लागणाऱ्या गाडीत तिथे पानं साठतात आणि पाणी जायची भोकं बुजतात. मग पावसाचं पाणी आत उतरतं आणि पायाखालच्या कार्पेटखाली मुरतं. वरून मॅट कोरडी दिसते. मॅट काढून कार्पेटचा कोपरा उचला आणि खालचा फोम बोटांनी दाबा. ओल लागली, कुबट वास आला, तर पत्रा खालून गंजायला लागलेला आहे असं समजा. ही भोकं मे महिन्याच्या शेवटी साफ करायची. पाच मिनिटांचं काम आहे. नाशिकला समुद्राची खारी हवा नाही, त्यामुळे इथल्या गाडीचा पत्रा मुंबईच्या गाडीपेक्षा टिकतो. पण आतून पाणी मुरलं तर त्याचा उपयोग नाही.

आणि बाळांनो, डिझेलवाल्यांनो, थंडीत चावी फिरवल्यावर वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. ऑइल तर वेळच्या वेळी बदलाच. या इंजिनाच्या बेअरिंग शेलना जुनं, काळं ऑइल सोसत नाही. दहा हजार किलोमीटर कंपनी सांगते म्हणून ताणू नका.

---

गोदाकाठ

काका, नमस्कार. हे वाचून खाली जाऊन पन्हळ बघितली. आमच्या पार्किंगला गुलमोहर आहे, त्याची बारीक पानं जाळीखाली थर करून बसली होती. साफ केली. तुमच्यासारख्यांनी लिहिलं की धाग्याचं चीज होतं.

---

पंचवटीतला_एसएक्सफोर

पेट्रोलबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं म्हणून लिहितो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच लिहिलेलं आहे की अशा चारचाकींचं अ‍ॅव्हरेज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी कमी होऊ शकतं. माझ्याही मारुती एसएक्सफोरचं थोडं घटलं.

मी जे केलं ते सांगतो. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप नवे टाकले, इंधनाचा फिल्टर बदलला. इथेनॉल ओलावा धरतं म्हणून टाकी फार काळ अर्धी ठेवून गाडी उभी करत नाही. पंधरा दिवस गावाला जायचं असेल तर कोणाला तरी चावी देऊन फिरवायला सांगतो. बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा जरासाही वास आला तर तशीच गाडी गॅरेजला. यात कसूर करू नका, आग लागायला ठिणगी पुरते.

विमा घेणाऱ्यांनी सीसी बघूनच गाडी निवडावी असंही मला वाटतं. थर्ड पार्टीचा दर २०२२ मध्ये ठरला तो १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आहे आणि १५०० च्या पुढे ७,८९७, वर जीएसटी. माझं इंजिन १५८६ सीसीचं, म्हणजे मी दरवर्षी दुपटीहून जास्त भरतो. गाडी मला प्रिय आहे म्हणून भरतो. पण नवीन घेणाऱ्याने हा आकडा आधी मांडावा.

---

नवखा_ओझर

सगळ्यांचे मनापासून आभार. ती २०११ची गाडी कॉलेज रोडच्या एका गृहस्थांची आहे, १४९७ सीसी, पेट्रोल. रविवारी बघायला जातोय. आधी कुठे नदीकाठी राहायचे म्हणाले. पुराची काळजी करावी का? कागदांचं काय बघू?

---

जेलरोडची_सायली

काळजी करावीच. ऑगस्ट २०१९च्या पुराच्या वेळी गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला होता. नदीलगतच्या सखल भागात उभ्या असलेल्या गाडीत तेव्हा पाणी शिरलेलं असू शकतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत पूर्ण ओढून बघा. गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. सीटच्या रुळांचे स्क्रू बघा. तिथे गंज आणि बाकी सगळं चकचकीत असेल तर विश्वास ठेवू नका.

कागद: आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ची एनओसी. गाडी तुमच्या नावावर झाल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी तुमच्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची विम्यातली सूट, विकणाऱ्याची असते, ती गाडीबरोबर येत नाही. दलाल "येतो" म्हणतात, ऐकू नका.

आणि २०११ची म्हणजे री-पासिंग अगदी तोंडावर. तो खर्च किमतीतून वजा करून बोला.

---

असेंब्लीवाले_काका

ओझरकर, मेकॅनिक बरोबर नेणार असाल तर ज्याचं गॅरेज त्या विकणाऱ्याच्या ओळखीचं नाही असा न्या. त्याला पाचशे रुपये आधी हातात द्या, गाडी घेतली तरी आणि नाही घेतली तरी. म्हणजे तो खरं बोलतो.

---

गोदाकाठ

आणि मालकांना शनिवारी रात्रीच फोन करून सांगा की सकाळी गाडी चालू करून ठेवू नका. तुम्ही पोचाल तेव्हा बोनेटवर हात ठेवून बघा, थंड पाहिजे. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, टॅपेटचा आवाज किती वेळ राहतो, हे फक्त तेव्हाच कळतं. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. कुलंट हिरवं किंवा लाल, स्वच्छ हवं. गंजाचं पाणी किंवा तेलाचा तवंग दिसला तर चहा घेऊन परत या.

मग एसी लावून द्वारका चौकाच्या गर्दीत अर्धा तास चालवा आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. मोकळ्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या छान चालतात. गाडी आवडली तर होज पाइप, बेल्ट, कुलंट यांचा अंदाज मेकॅनिककडून तिथेच लिहून घ्या, त्याचे फोटो इथे टाका. आपण सगळे मिळून बघू.